काउंटरच्या आतली माणसे

(नाशिकच्या इंदिरानगर वसाहतीत खातेदार, बँक कर्मचारी व निवृत्त कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बँकेतल्या नोकरीविषयी इंदिरानगरात बोलावयाचे म्हणजे वैद्याच्या घरी जाऊन नाडीपरीक्षेवर प्रवचन करण्यासारखे आहे. ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडचे कारखाने, नाशिकरोडची मुद्रणालये, सरकारी कचेऱ्या आणि बँका यांतून महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसांनी ही वसाहत वाढवली. वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत चार घरे ओलांडावीत तो पाचव्या घरात कोणी ना कोणी बँकेत होता, आहे किंवा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे, अशी येथील स्थिती. महामार्गाखालच्या बोगद्यातील कोंडीत सकाळी अडकलेल्या दुचाकींपैकी काही तरी साडेनऊच्या आत शाखा गाठण्याच्या धडपडीत असतात. अशा श्रोत्यांना बँकेची माहिती देण्याचे प्रयोजन नाही. त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींचा अर्थ काय, एवढेच तपासावयाचे आहे.

बँकेतल्या माणसांना आपल्या कामात काय आवडते आणि काय आवडत नाही, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. जेवताना घरच्यांजवळ बोलावे आणि सोडून द्यावे, असा. परंतु बँक म्हणजे दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याचे ठिकाण. तेथे काम करणाऱ्याला ज्या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो ती बहुधा खातेदाराच्या हिताची असते, आणि जी गोष्ट करताना त्याची मान खाली जाते तिची किंमत अखेर खातेदारच मोजत असतो. म्हणून ही आवडनावड सार्वजनिक चर्चेचा विषय झाली पाहिजे.

तसे पाहिले तर या नोकरीची दोन चित्रे समाजात पक्की झालेली आहेत. पहिले चित्र खातेदाराचे : ‘जेवणानंतर या’ म्हणणारा, चष्म्यावरून पाहणारा, चौथ्या खिडकीवरून सातव्या खिडकीवर पाठवणारा आणि दर दोन वर्षांनी संपावर जाणारा बँकवाला. दुसरे चित्र कर्मचाऱ्याचे स्वतःविषयीचे : सारा देश पाठीवर घेतलेला आणि कोणाच्याही कृतज्ञतेस पात्र न ठरलेला सेवक. दोन्ही चित्रे अगदीच खोटी नाहीत, म्हणूनच ती इतकी टिकली. पण काचेच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस एकाच व्यवस्थेने गांजलेले आहेत, ही गोष्ट या दोन्ही चित्रांत कोठेच दिसत नाही.

आधी आवडीचे पाहू. पहिली आवड पगाराची. ती सांगताना पुष्कळांना संकोच वाटतो, वाटू नये. एक तारखेची खात्री, आजारपणात कापला न जाणारा पगार, सवलतीचे गृहकर्ज, निवृत्तीनंतरचे निवृत्तिवेतन, या गोष्टींवर इंदिरानगरातील कितीतरी घरे उभी राहिली आणि कितीतरी मुलींची शिक्षणे झाली. ही खात्री कोणा मालकाने प्रसन्न होऊन दिलेली नाही. २० एप्रिल १९४६ रोजी कलकत्त्यात अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना स्थापन झाली, तेव्हा बँका खाजगी होत्या आणि कारकुनाची नोकरी बहुधा वरिष्ठांच्या मर्जीवर चाले. पुढे न्यायाधिकरणांचा लांबलचक काळ आला. शास्त्री निवाडा १९५३ चा. त्यावर अपील न्यायाधिकरणाने १९५४ मध्ये निर्णय दिला, आणि केंद्र सरकारने त्या निर्णयाला कात्री लावली. तेव्हा श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बँकेतल्या कारकुनाच्या पगारासाठी केंद्रीय मंत्र्याने खुर्ची सोडली, ही घटना आजच्या तरुण कर्मचाऱ्याला सांगितली तर त्याला ती दंतकथा वाटेल. पुढे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या आयोगाने प्रकरणाची तपासणी केली आणि १९५५ मध्ये त्यास कायद्याचे रूप मिळाले. १९ ऑक्टोबर १९६६ रोजी पहिला द्विपक्षीय करार झाला. न्यायाधिकरणाच्या दारात वर्षानुवर्षे तिष्ठण्याऐवजी संघटना व व्यवस्थापन एका टेबलाशी बसू लागले. ती पद्धत टिकली. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला.

योगायोग असा की, १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, त्यावर हंगामी राष्ट्रपती म्हणून सही होती ती याच गिरींची. ज्यांच्या नावाची आठवण ही वसाहत करून देते त्या पंतप्रधानांचा तो निर्णय. त्यामागे पक्षांतर्गत राजकारण किती आणि समाजवाद किती, हा वाद अजून संपलेला नाही; संपण्याची आवश्यकताही नाही. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम महत्त्वाचा. त्याआधीच्या बँका बुडत असत. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्या तेव्हा ठेवीदारांबरोबर तेथील नोकरांचेही संसार रस्त्यावर आले. त्या धक्क्यातूनच ठेवविम्याचा १९६१ चा कायदा जन्मला. राष्ट्रीयीकरणानंतर मात्र बँकेत नोकरी म्हणजे सरकारचीच हमी, असे समीकरण झाले. मुलगा बँकेत आहे, या तीन शब्दांवर लग्ने जमू लागली.

दुसरी आवड मानाची आणि उपयोगी पडण्याची. १९६९ च्या मध्याला देशात व्यापारी बँकांच्या शाखा सव्वाआठ हजारांच्या आसपास होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. नाशिक जिल्ह्याचे अग्रणीपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आले. पेठ, सुरगाणा, कळवण या भागांत पुण्या-नाशिकच्या पांढरपेशा घरांतली मुले शाखा सांभाळावयास गेली. जाताना ती रडत गेली, हे खरे आहे. एस.टी. दिवसातून एकदा, वीज आली तर आली, जेवणाची सोय शिक्षकाच्या घरी. पण त्याच शाखांविषयी निवृत्त माणसे जितक्या ओढीने बोलतात तितक्या ओढीने शहरातल्या मोठ्या शाखेविषयी बोलत नाहीत. सावकाराकडे गहाण पडलेली भांडी सोडवून आणणारी बाई, अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही करणारा म्हातारा, विहिरीला पाणी लागल्याचे सांगावयास आठ मैल चालत आलेला कर्जदार, अशी माणसे त्यांच्या बोलण्यात येतात. एका सहीने दुसऱ्याच्या आयुष्यात काही बदलते, हा अनुभव कारकुनी पेशात फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बँकेने तो हजारोंना दिला.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही नोकरी पगाराहून मोठी ठरली. सत्तरीच्या दशकापासून मध्यमवर्गीय मुली मोठ्या संख्येने काउंटरमागे दिसू लागल्या. घरातल्या पुरुषाच्या पगाराइतकाच पगार, तोही त्याच श्रेणीत व त्याच करारान्वये, ही समता त्यांना कुटुंबात मिळाली नव्हती. ती बँकेत मिळाली.

तिसरी आवड बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल. ती म्हणजे हिशेब जुळण्याची. संगणकापूर्वीच्या बँकेत दिवसाअखेर लेजर, व्हाउचर आणि रोख यांचा मेळ बसवावा लागे. सहामाहीच्या व्याजाच्या वेळी रात्री अकरा-अकरापर्यंत शाखेत दिवे असत. चौदा रुपये चाळीस पैशांची तफावत शोधण्यासाठी पाच माणसे तीन संध्याकाळी बसत. ज्येष्ठ हेडकॅशियर नव्याला शिकवी की, फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कोठेतरी आकडे उलटे लिहिले गेले आहेत, ६३ चे ३६ झाले आहेत, तेवढेच शोध. आणि मग अचानक कोणाच्या तरी बोटाखाली ती नोंद सापडे. त्या क्षणीचा जल्लोष आणि नंतरचा शिपायाने आणलेला चहा यांची चव निवृत्तांच्या जिभेवर अजून आहे. ठेवीदाराला या प्रकाराचा पत्ताही नसे. परंतु त्याच्या पैशापैकी चौदा रुपयांसाठी पाच माणसे जागत होती, एवढे खरे.

संगणकाने ही रात्र संपवली. संघटनांनी प्रथम त्यास कडाडून विरोध केला, मग ८ सप्टेंबर १९८३ च्या करारात मर्यादित यंत्रे मान्य केली आणि १९९३ मध्ये दार बरेच मोकळे केले. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती निराधार नव्हती. २००० ते २००१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. तथापि टोकन हातात घेऊन तासभर बाकावर बसणाऱ्या खातेदाराच्या वेळेला काही किंमत आहे, हा मुद्दा त्या विरोधात फारसा ऐकू आला नाही, याची नोंद झाली पाहिजे. पुढे जेव्हा खाजगी बँका चकचकीत काचांसह उघडल्या तेव्हा तोच खातेदार मागे वळूनही न पाहता तिकडे गेला.

आता नावडीकडे. तक्रारी पुष्कळ आहेत आणि काही फुटकळ आहेत. सर्व्हर बंद पडला म्हणजे शिव्या काउंटरवरच्याला. रोख कमी भरली तर ती कॅशियरच्या खिशातून. शनिवार पहिला की दुसरा, हे घरच्यांना समजावण्याची कटकट. दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा झाला तो १ सप्टेंबर २०१५ पासून. या गोष्टींवर वेळ घालविण्याचे कारण नाही.

बदलीचा प्रश्न मात्र फुटकळ नाही. कारकुनाचे कामाचे तास कराराने बांधलेले, बदली बहुधा जवळपासची. अधिकारी झाला की घड्याळ सुटले आणि नकाशा उघडला. आज नाशिक, उद्या गुवाहाटी. म्हणून बँकेत एक विलक्षण दृश्य दिसते. हुशार माणूस पात्र असून बढती नाकारतो. वीस-वीस वर्षे एकाच खुर्चीवर बसतो, आपल्यामागून आलेल्याला साहेब म्हणतो. लोक त्याला महत्त्वाकांक्षा नसलेला म्हणतात. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई असते, दहावीतली मुलगी असते, किंवा दुसऱ्या खात्यात नोकरी करणारी पत्नी असते. स्त्रियांच्या बाबतीत ही निवड आणखी क्रूर होते. समान पगाराने जी समता दिली ती बढतीच्या दारात हिरावून घेतली जाते. ‘बाई, झेपेल का तुम्हाला?’ हा प्रश्न तिला मुलाखतीत विचारला नाही तर घरी विचारला जातो, आणि पुष्कळदा ती स्वतःच स्वतःला विचारते.

बदलीची दुसरी बाजू शाखेत येणाऱ्याला भोगावी लागते. अधिकाऱ्यांची भरती अखिल भारतीय असते. बिहारचा वा तेलंगणाचा तरुण परीक्षा उत्तीर्ण होऊन दिंडोरी तालुक्यात येतो. त्याला मराठी येत नाही, शेतकऱ्याला हिंदी धड येत नाही आणि मधल्या शिपायाचे भाव वाढतात. २०२५ मध्ये महाराष्ट्रात बँकांतील मराठीच्या वापरावरून आंदोलने झाली. खातेदाराला त्याच्या भाषेत व्यवहार करता आला पाहिजे, ही मागणी शंभर टक्के न्याय्य आहे. पण त्यासाठी व्यवस्थापकाच्या टेबलावर हात आपटणे ही मर्दुमकी नव्हे. हजर होण्यापूर्वी त्या तरुणाला चार महिने पगारी मराठी शिकवणे हे बँकेचे काम आहे. बँक ते करत नाही, आणि भाषेचा सूड मात्र एकट्या पडलेल्या, घरापासून दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या मुलावर उगवला जातो.

वसुलीची नावड याहून जुनी. ऐंशीच्या दशकात जनार्दन पुजारी केंद्रात अर्थखात्याचे राज्यमंत्री असताना कर्जमेळावे भरत. मंडपात, हारतुऱ्यांत, पुढाऱ्यांच्या हस्ते कर्जे वाटली जात. कर्ज कोणाला द्यावे हे मंडप ठरवी; ते परत कसे आणावे हे शाखाधिकाऱ्याने ठरवावयाचे. गरिबाला कर्ज मिळाले पाहिजे याविषयी समाजवादी विचाराच्या माणसाला शंका असण्याचे कारण नाही. पण कर्जाबरोबर बाजार, जनावराचा डॉक्टर, पाणी यांपैकी काहीच द्यावयाचे नाही आणि फक्त म्हैस द्यावयाची, हा समाजवाद नव्हे, ती निवडणूक. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने या जिल्ह्यातील द्राक्षबागा झोपल्या. बागेला ज्याने सहा महिन्यांपूर्वी कर्ज मंजूर केले त्याच अधिकाऱ्याला मार्चअखेरच्या थकबाकीची यादी हातात देण्यात येते. तो बांधावर जातो. समोरचा शेतकरी पाणी देतो, चहा देतो. बोलावयाचे काय? बड्या उद्योगाचे हजारो कोटी निर्लेखित झाल्याच्या बातम्या दोघांनीही वाचलेल्या असतात. अशा वेळी बँकेच्या नोकराला आपल्या नोकरीचा जो तिटकारा येतो तो कामचुकारपणाचा नसतो. त्याची न्यायबुद्धी शाबूत असल्याचे ते लक्षण असते.

२०१६ चा नोव्हेंबर येथे प्रत्येकाला आठवतो. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या. नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापणारे कामगार जादा पाळ्या करत होते आणि त्याच शहरातल्या शाखांत दुपारपर्यंत रोख संपत होती. बँकेच्या माणसांनी त्या आठवड्यांत जे काम केले त्याची थोरवी मोठी. पण त्याहून वाईट अवस्था होती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नोकरांची. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. तोवर जमा झालेल्या नोटा तिजोरीत अडकल्या. त्या रिझर्व्ह बँकेत भरण्याची मुभा मिळाली ती जून २०१७ मध्ये. मधल्या सात महिन्यांत खेड्यातला ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी सोसायटीच्या नि शाखेच्या पायऱ्या झिजवत होता. त्याच्यासमोर होता कोण? ना दिल्लीतला मंत्री, ना मुंबईतला गव्हर्नर, ना मनमानी कर्जे वाटणारा एखादा संचालक. त्याच्या गावचा, त्याच्याच नात्यातला, पंधरा-वीस हजारांवरचा कारकून त्याच्यासमोर होता. निर्णय घेणारा दिसत नाही आणि दिसणाऱ्याला निर्णयाचा अधिकार नाही, ही बँकेच्या नोकरीतली खरी विटंबना आहे. जनधन खात्यांच्या वेळी, कर्जमाफीच्या याद्यांच्या वेळी आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या पैशांसाठी आधार जोडणीची रांग लागली त्या वेळी तिचाच पुनःप्रत्यय आला. योजना जाहीर करणाऱ्याचे छायाचित्र भिंतीवर, घाम काउंटरवर.

परंतु या सर्वांपेक्षा खोल गेलेली एक नावड आहे, आणि व्याख्यानाचा मुख्य मुद्दा तीच आहे. ती म्हणजे विक्री.

गेल्या पंचवीस वर्षांत बँकेच्या कामाचा अर्थ बदलला. ठेवी घेणे, सांभाळणे, पारखून कर्ज देणे हे मूळ काम. त्यावर विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड यांची विक्री चढली. सकाळी शाखा उघडण्यापूर्वी वरिष्ठांचा फोन : काल किती पॉलिसी? दुपारी संदेश : अमुक शाखेने चार केल्या, तुमची पाटी कोरी का? मार्च महिन्यात तर काउंटरवरचा माणूस खातेदाराच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी त्याच्या शिलकीकडे पाहतो. कर्ज हवे? मग विमा घ्या. लॉकर हवा? मग पॉलिसी घ्या. मुदत ठेवीचे नूतनीकरण करावयास आलेल्या पंचाहत्तरीच्या गृहस्थाला मुदत ठेवीसारखेच आहे असे सांगून दहा वर्षे हप्ते भरावयाची पॉलिसी दिली जाते. दुसऱ्या वर्षी तो हप्ता भरू शकत नाही, तेव्हा त्याला कळते की आपण ठेव ठेवली नव्हती. हा प्रकार इतका वाढला की २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच बँकांना चुकीच्या विमाविक्रीबद्दल जाहीरपणे सुनावले. सरकारी बँकांचा मालक कोण, हा प्रश्न त्या वेळी श्रोत्यांपैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त होता.

येथे नीट पाहावयास हवे. बँकेचा नोकर कामाच्या ओझ्याची तक्रार करतो तेव्हा ऐकणारा सहज म्हणतो : सर्वांनाच काम आहे. ते उत्तर खरेही आहे. शेतमजुराला वा बांधकामावरच्या बाईला बँकेतले ओझे सांगावयास जाऊ नये. विक्रीची तक्रार या जातीची नाही. येथे त्याच्याकडे मागितला जातो तो त्याचा घाम नव्हे. त्याच्याकडे मागितला जातो तो त्याच्यावरचा विश्वास, आणि तो तर त्याच्या मालकीचाही नाही. चाळीस वर्षे लेजरवर वाकून, चौदा रुपयांची तफावत शोधून मागच्या पिढीने जो विश्वास साठवला तो आता वटवला जातो आहे. तो गृहस्थ विमा कंपनीच्या प्रतिनिधीला दारातून परत पाठवता; बँकेतल्या ओळखीच्या मुलीने सांगितले म्हणून त्याने सही केली. संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर तोच गृहस्थ समोरून येताना दिसला की रस्ता बदलावासा वाटतो, अशी अवस्था ज्या नोकरीने आणली तिच्यात पगार कितीही वाढला तरी माणूस सुखी कसा होणार?

आणि हेही सांगितले पाहिजे की संघटना यापासून हात झटकू शकत नाहीत. ११ नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या करारात बँकेच्या नफ्याशी बांधलेला प्रोत्साहन भत्ता त्यांनीच मान्य केला. रक्कम फार मोठी नसेल. पण नफा वाढला तर तुझेही भले, हे तत्त्व एकदा पत्करल्यावर नफा कोणत्या मार्गाने वाढला हे विचारण्याचा आवाज खाली येतो. वेतनवाढीच्या टक्केवारीवर रात्र-रात्र घासाघीस करणाऱ्या नेत्यांनी, अमुक प्रकारची विक्री आमचा सभासद करणार नाही, अशी भूमिका एकदा तरी करारातले कलम म्हणून लढवावयास हवी होती. ज्या दिवशी कर्मचारी ठेवीदाराच्या वतीने नाही म्हणेल त्या दिवशी ठेवीदारही त्याच्या संपाच्या वेळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहणार नाही.

आणखी एक मोठा वर्ग आहे, ज्याची आवडनावड कोणी विचारीतच नाही, कारण त्याला कर्मचारीच म्हणत नाहीत. खेड्यात यंत्र घेऊन बसणारा बँक मित्र : अंगठा लावून पैसे देणारा, निराधार म्हाताऱ्यांचे अनुदान हातावर ठेवणारा. गावाच्या दृष्टीने तीच बँक. त्याला पगार नाही. व्यवहारागणिक कमिशन, तेही मधल्या कंपनीच्या हातून. रोख हरवली तर त्याची. सफाई करणारी बाई, एटीएमचा पहारेकरी, टेलिफोनवरून कार्ड खपवणारी पोरे, सगळी कंत्राटावर. इतिहास असा की दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांनी हा लढा पूर्वी दिला आहे. ही योजना सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. दारोदार फिरून ठेव जमवणारा हा माणूस कामगार की कमिशनवरचा दलाल, हा वाद न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००१ मध्ये न्यायालयाने त्याला कामगार म्हटले. दहा-वीस रुपयांच्या ठेवी गोळा करणाऱ्या माणसाला जे नाव मिळवावयास इतकी वर्षे लागली, ते बँक मित्राला मिळवून देण्याचे काम कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या शिरावर किती घेतले, याचे उत्तर सभागृहातल्या पदाधिकाऱ्यांनीच द्यावे.

कायम नोकरांतही फळी पडलेलीच आहे. १ एप्रिल २०१० नंतर रुजू झालेल्याला जुने निवृत्तिवेतन नाही. बाजारावर अवलंबून असलेली नवी योजना आहे. एकाच काउंटरवर शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांचे म्हातारपण दोन तऱ्हेचे. इंदिरानगरातल्या निवृत्त बापाला त्याची खात्री मिळाली, मुलाला मिळणार नाही, आणि रविवारी दुपारी दोघांत जी चकमक झडते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. बाप म्हणतो, आम्ही लढलो. मुलगा म्हणतो, लढलात, पण करारावर सही करताना दार आमच्या तोंडावर लावून घेतलेत. त्याचे म्हणणे तिखट आहे. चूक आहे असे म्हणता येत नाही.

पाच दिवसांच्या आठवड्याच्या मागणीविषयी श्रोत्यांत दोन मते आहेत, हे उघड आहे. २०२४ च्या बोलण्यांत त्यावर संघटना व बँकांचे एकमत झाले आणि अखेरचा शब्द सरकारवर सोपवण्यात आला. उरलेले शनिवार सुट्टीचे झाल्यास इतर दिवशी सुमारे चाळीस मिनिटे अधिक काम करण्याची तयारी संघटनांनी दाखवली. मागणी गैर नाही. दोन दिवस घरच्यांना मिळावेत, असे बँकेतल्या माणसाला वाटले तर त्यात पाप नाही. रिझर्व्ह बँकेला आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना ते मिळतातच. पण खातेदाराने या मागणीला पाठिंबा देताना एक प्रश्न जरूर विचारावा आणि संघटनांनी त्याचे लेखी उत्तर द्यावे : त्या चाळीस मिनिटांत काउंटर उघडा राहणार, की पडदा ओढून आत पॉलिसींच्या पाटीवरचा आकडा भरला जाणार?